गोड्या पाण्याची पापलेटं

भानुमती वैतीच्या मते गिऱ्हाईक दोनच जातीचं. एक माशाचा कल्ला उचलून बघतं, दुसरं मासेवालीच्या तोंडाकडे बघतं. पहिल्याला मासा कळतो, दुसऱ्याला माणूस. आणि फसवायचंच असेल तर पहिल्याला फसवावं, कारण त्याला स्वतःच्या शहाणपणाची खात्री असते. खारवलीच्या बाजारात एकतीस वर्षं पाटी मांडून तिनं हा सिद्धांत पक्का केला होता. आपण स्वतः यातल्या कुठल्या जातीत बसतो हे मात्र तिनं कधी तपासलं नव्हतं. तशी वेळ आली नव्हती.

आता पाटी नव्हती आणि समुद्रही नव्हता. सिन्नरच्या वरच्या अंगाला, जिथं वाऱ्यालासुद्धा धुळीची चव, अशा माळावर प्लास्टिकचं अस्तर घातलेली चारशे शेततळी होती. त्यांच्या कडेला खारवलीहून उठवून आणलेल्या एकशे बारा घरांची वस्ती. कागदोपत्री वस्तीचं नाव सागरनगर. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती की नव्हती, यावर वस्तीत दोन तट होते.

समुद्राचा दम तुटला होता. पाणी तापत गेलं, वरचं गरम पाणी खालच्या गार पाण्यात मिसळेनासं झालं, आणि प्राणवायू खाली पोचेना. पापलेटं आधी लहान झाली, मग महाग झाली, मग दिसेनाशी झाली. शेवटच्या तीन मोसमांत खारवलीच्या साऱ्या होड्यांना मिळून सतरा पापलेटं लागली. कुणाच्या जाळ्यात किती, हे भानूला अजून तोंडपाठ होतं. लोकांना देवांची नावं असतात तशी.

किनाऱ्यावर उरलं होतं ते एक पैदास केंद्र. समुद्राचं पाणी ओढून, गार करून, त्यात हवा सोडून, मोठ्या गोल टाक्यांत अठ्ठेचाळीस पापलेटं जपली होती. त्यांच्यावर राखणीला भानूचा थोरला भाऊ बाळाराम. गाव उठला तेव्हा तो उठला नाही. "मासं हाईत तवर मी हाय," एवढंच म्हणाला आणि पुन्हा टाकी घासायला लागला. त्या अठ्ठेचाळिसांची अंडी खाऱ्या पाण्यात उबत, आणि बोटाच्या पेराएवढी पिल्लं टँकरनं सिन्नरला येत. सिन्नरला त्यांना गोड्या पाण्याचं करत.

हे कसं करतात ते डॉ. ऋजुता आगाशे यांनी पहिल्याच वर्षी वस्तीतल्या बायकांना देवळाच्या ओट्यावर बसवून सांगितलं होतं. बाई पुण्याच्या. घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही, आणि सारी हयात माशांच्या कल्ल्यांवर घालवलेली. भानूला याची भारी मौज वाटे. "हलवायाला मधुमेह असावा तशी गत," ती म्हणायची. पण बाईंच्या तोंडावर म्हणायची, म्हणून बाईंना ती आवडायची.

"समुद्रातला मासा सारखा पाणी पितो," बाई म्हणाल्या होत्या. "तळ्यातला मासा एक घोटही पीत नाही."

"उलटं सांगतंस बाय. खारं पानी कोन पिल?"

"ऐका तर, मावशी. माशाच्या रक्तात मीठ असतं, पण समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं. आणि मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसं. म्हणजे समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर निसटतं. पाण्यात राहून तो सुकत असतो. म्हणून पितो, आणि पाण्याबरोबर आलेलं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. गोड्या पाण्यात सगळं उलट. पाणी अंगात घुसतं, मीठ निसटून जातं. तिथं पिणं बंद करायचं, लघवी वाढवायची, आणि कल्ल्यांनी असेल नसेल ते मीठ वेचून आत घ्यायचं."

जिताडा, बोय या माशांना दोन्ही कामं जन्मतः येतात, म्हणून ते खाडीतून नदीत हिंडतात. पापलेटाला येत नाही. सरळ तळ्यात सोडलं तर ते फुगून मरतं. बाईंचा शोध असा होता की पापलेटाच्या कल्ल्यांतही हे काम उलटं फिरवणारी कळ असते, फक्त लाखो वर्षं न वापरल्यामुळे गंजलेली. खाद्यातून एक प्रथिन एकवीस दिवस दिलं, आणि त्याच दिवसांत पाण्यातलं मीठ हजारी पस्तीस भागांवरून पायरीपायरीनं शून्यावर आणलं, तर कळ फिरते. त्या औषधाला वस्तीनं 'पालट' असं नाव देऊन टाकलं.

"आनि परत खाऱ्यात सोडलं तर?" भानूनं विचारलं होतं.

"मरतं. कळ एकदाच फिरते."

मग भानूच म्हणाली, "म्हंजे आमच्यासारखंच. आधी घर पाडतात, मंग वस्तीची चावी देतात."

बाई हसल्या नाहीत. हे भानूनं लक्षात ठेवलं. न हसणारा साहेब तिनं आयुष्यात फार थोडा पाहिला होता.

सहा वर्षं झाली. पापलेट नाशिकच्या मंडईत भोपळ्याशेजारी विकू लागलं. ज्यांनी समुद्र चित्रात पाहिला होता ती माणसं रविवारी पापलेट खाऊ लागली आणि माशातलं आपल्याला कळतं असं एकमेकांना सांगू लागली. मग सहाव्या वर्षी बाईंनी दोन गोष्टी केल्या, एक हुशारीची आणि एक प्रामाणिकपणाची.

हुशारीची म्हणजे फिरत्या बरण्या. पापलेटाची अंडी खाऱ्या पाण्यावर तरंगतात, गोड्यात बुडून कुजतात. म्हणून तर किनाऱ्यावरचं केंद्र लागत होतं. बाईंनी अशा बरण्या बनवल्या की त्यांच्यातलं पाणी सतत वर उसळतं आणि अंडं तळाला बसूच शकत नाही. आता अंडी देणारी जुनी पापलेटं गोड्या पाण्याची करून त्यांची पैदास इथंच करता आली असती. म्हणजे समुद्राच्या पाण्याची गरजच संपली.

प्रामाणिकपणाची गोष्ट अशी, की त्यांनी त्याच अहवालात चवीचा एक तक्ता जोडला. समुद्रातला मासा मिठाशी टक्कर द्यायला आपल्या मांसात बारीक गोडसर द्रव्यं साठवून ठेवतो. आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी तीच. गोड्या पाण्यात टक्कर नाही, म्हणून साठाही नाही. तळ्यातल्या पापलेटात ती द्रव्यं तिसऱ्या हिश्श्यावर आली होती.

मुंबईहून समिती आली. समितीनं विचारलं, "तिसरा हिस्सा असेल. पण खाणाऱ्याला कळतं का?"

कळत असेल तर खारवलीचं केंद्र चालू ठेवायचं. कळत नसेल तर बंद. अठ्ठेचाळीस पापलेटं वर आणून त्यांची कळ फिरवायची. मग खाऱ्या पाण्यातलं पापलेट या किनाऱ्यावर एकही उरणार नव्हतं, आणि उरलेल्यांतलं एकही परत जाऊ शकणार नव्हतं.

कळतं का, हे सांगणार कोण? सगळ्यांची मान आपसूक एकाच घराकडे वळली.

खारवलीची एक रीत होती. मोसमातल्या पहिल्या होडीचा मासा काठावर आला की विक्रीला हात लागत नसे. आधी गावातली जाणती बाई समुद्राच्या पाण्यानं तोंड खळखळून धुवायची, मग नुसत्या वाफेवर शिजवलेली, मीठ-मसाला न लावलेली पहिली तुकडी खायची, आणि गिळून झाल्यावर बोलायची. कुठल्या अंगाचा मासा, खोल पाण्यातला की कडेचा, भरलेला की उपाशी. ती बोलेल तो शब्द. एकदा बोलला की फिरत नाही. चुकला तरी त्या मोसमापुरता तोच खरा. भानूच्या आधी हे काम तिच्या आईकडे होतं. भानूनं चोवीस मोसम ती तुकडी खाल्ली आणि एकदाही चुकली नाही. निदान चुकली असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बाईंनी वेगळंच सुचवलं होतं. "वीस माणसं घेऊ. तीन दिवस, रोज तीन वेळा. ताटल्यांची अदलाबदल करू. एकटी जीभ फसू शकते, मावशी."

"तुज्या जिभेला मासा म्हाईत नाय आनि मना शिकवतंस?" भानू म्हणाली. "पयली तुकडी एकच असते. तीन येला खाल्ली तर ते जेवान."

समितीला हे पटलं. एका दिवसात काम होणार होतं.

भानूचा मुलगा निनाद तळ्यांवर देखरेखीला होता. बरण्यांचा नवा विभाग सुरू झाला तर त्याचा मुख्य तोच व्हायचा होता. तो दोन दिवस आईभोवती घोटाळत राहिला. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आय, तू खोटं बोल असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हनतंस?"

"एवढंच, की फरक असला तरी तो सांगायलाच पाहिजे असा असतो का?"

भानूनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगा गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या जातीचा निघाला होता, तोंडाकडे बघणारा. "तुजा बापूस पन असाच होता," ती म्हणाली. "चार दिस आधी आडून आडून बोलायचा आनि पाचव्या दिसाला विसरायचा. तू पन विसर. माजी जीभ तुज्या नोकरीची चाकर नाय."

मनातून तिचं ठरलेलं होतं. तळ्यातलं पापलेट ती सहा वर्षं खात होती. बरं होतं, पोट भरत होतं, पण ते हे नव्हे, असं ती पहिल्या वर्षी रोज म्हणायची. दुसऱ्या वर्षी सणासुदीला म्हणायची. नंतर कधी म्हणायची थांबली ते तिच्या ध्यानात नव्हतं. समोर दोन तुकड्या आल्या की ती दर्यातली ओळखणार, तळ्यातलीला नाकारणार, आणि दादूसच्या टाक्या वाचणार. यात खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं बोलून भाऊ वाचतोय, असा सौदा आयुष्यात कितीदा मिळतो?

चाचणीच्या आदल्या दिवशी फोनच्या पडद्यावर बाळारामचा चेहरा आला. मागं टाकी दिसत होती. "दोन काढल्यात," तो म्हणाला. "म्हाताऱ्या. अंडी द्यायच्या बंद झायल्या होत्या. एकीच्या शेपटाला खाच हाय, ती नऊ वर्सांची." मग थांबून म्हणाला, "तू वलखशील ना गो?"

"झोपेत पन वलखीन, दादूस."

"समुद्राचं पानी आनतो बाटलीत. तोंड धुवाला."

वस्तीच्या सोसायटीच्या सभागृहात लांब टेबलावर दोन पांढऱ्या ताटल्या. कुठल्या ताटलीत काय, हे शिजवणाऱ्यालाच माहीत, आणि त्यानं लिहून पाकीट बंद केलेलं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अधिकारी, चष्मा सारखा पुसणारे. बाई खिडकीशी. निनाद दाराशी. बाळाराम भिंतीला टेकून, सात तास बसचा प्रवास करून आलेला, हातात पाण्याची बाटली.

त्यानं बाटली पुढं केली तेव्हा समितीबरोबरच्या आरोग्य अधिकाऱ्यानं हरकत घेतली. किनाऱ्याचं पाणी आता तोंडात घेण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि काही झालं तर जबाबदार कोण? बाळाराम वाद घालायला निघाला.

"असू दे दादूस," भानू म्हणाली. "जीभ तीच हाय." तिनं तिथल्याच माठातलं पाणी घेतलं, तीन चुळा भरल्या आणि डाव्या ताटलीतली तुकडी उचलली.

चव अंगावर आली. कुणीतरी कानाशी येऊन मोठ्यानं बोलावं तशी. आधी भडक गोडवा, मागं एक उग्र, लोखंडासारखा वास, आणि गिळल्यावरही घसा सोडेना. भानूच्या कपाळाला आठी पडली. बेट्यांनी काहीतरी लावलंय, तिला वाटलं. तळ्यातल्या माशाला दर्याची चव आणायला यांनी खाद्यात काहीतरी घातलंय, आणि जास्त घातलंय. नक्कल नेहमी जास्तच होते. पाटीवर बसून तिनं बर्फात ठेवलेल्या माशाच्या कल्ल्यांना रंग लावणारे पुष्कळ पाहिले होते. तेही असेच, खऱ्यापेक्षा लाल करून ठेवायचे.

पुन्हा तीन चुळा. उजवी तुकडी.

ही मऊ होती. शांत होती. जिभेवर आली आणि आपल्या जागी जाऊन बसली. घरचं माणूस घरात येतं, त्याला कुणी या म्हणत नाही, तशी. भानूला आईची चूल आठवली, पत्र्यावरची वाळत घातलेली जाळी आठवली, आणि साठीला आलेल्या बाईचे डोळे चारचौघांत भरून आले.

तिनं गिळलं. पदरानं ओठ पुसले. रीतीप्रमाणं उभी राहिली.

"उजवी दर्याची," ती म्हणाली. "डावी तल्यातली. डावीला कायतरी लावलंय. लावनाऱ्याला म्हनावं, दर्या असा वरडत नाय."

दाराशी निनादनं मान खाली घातली. बाळाराम मात्र तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्याला भिंतीपाशी डाव्या ताटलीचा वास येत होता. भानूला वाटलं, दादूस थकलाय.

अध्यक्षांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "डावी ताटली," ते म्हणाले, "खारवली केंद्राचा मासा. उजवी ताटली, तळे क्रमांक दोनशे सहा."

दाराशी निनादची मान वर आली.

बाई पुढं आल्या. "मी आक्षेप नोंदवते. एका चाचणीवर असा निर्णय घेता येत नाही. आणि त्यांना फरक कळलाय. दोन तुकड्या एक नाहीत, हे त्यांनी सांगितलंच ना?"

"कळलाय," अध्यक्ष म्हणाले. "आणि त्यांना तुमचा मासा अधिक अस्सल वाटला. याहून काय पाहिजे? तुमचंच यश आहे, डॉक्टर." त्यांनी आक्षेप लिहून घेतला. लिहून घेणं हे नाकारण्याचं सभ्य रूप आहे, हे भानूला ठाऊक होतं.

बाई तिच्या कानाशी वाकल्या. "मावशी, माशासारखंच हे. जिभेला जे रोज मिळतं त्याचीच ती होते. तुमचा दोष नाही. पण तुम्ही म्हणा, पुन्हा चाखते. तीन दिवस मागा. एवढं म्हणा, बाकी मी लढते."

भानूनं भावाकडे पाहिलं. बाळाराम टेबलापाशी आला होता. त्यानं डावी ताटली ओढली आणि उरलेलं सगळं पापलेट खायला लागला. सावकाश, काटा न काटा चोखून. नऊ वर्षांची ती म्हातारी त्यानं शेपटापर्यंत संपवली. मग बोटं पुसत म्हणाला, "शब्द गेला."

"शब्द फिरत नाय," भानू म्हणाली.

सगळ्यांनी ते रीत म्हणून ऐकलं. अध्यक्षांना तर ते फार आवडलं. असा बाणेदारपणा आता राहिला नाही, असं ते जाताना म्हणाले. खरं कारण भानूनं कुणाला सांगितलं नाही. पुन्हा ताटल्या आल्या असत्या तर तिनं बरोबर ओळखलं असतं. जी आवडते ती तळ्यातली, जी टोचते ती दर्याची, असं उलटं लावून. हिशेबानं ओळखलं असतं. जिभेनं नाही. आणि ते दादूससमोर तिच्यानं होणार नव्हतं.

महिन्याभरात टँकर आला. आत सेहेचाळीस पापलेटं, आणि ड्रायव्हरशेजारी एक पत्र्याची पेटी घेऊन बाळाराम. मासे जिथं तिथं तो. त्यात त्याला दुसरा विचारच नव्हता. मोठ्या पापलेटांची कळ फिरवायचं काम पहिल्यांदाच होत होतं, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईनात. म्हणून पालट घातलेलं खाद्य रोज त्यानंच टाकलं. टाकीचा नळ त्यानंच फिरवला. पस्तीस, बत्तीस, अठ्ठावीस.

अकराव्या दिवशी पाणी बारावर आलं. बाईंनी सांगितलं, आता पाण्यात आणि माशाच्या रक्तात मीठ साधारण सारखं. माशाला ना प्यावं लागतं, ना फेकावं लागतं. "त्याच्या आयुष्यातले एवढेच दोन दिवस आरामाचे," त्या म्हणाल्या.

"मंग हितंच थांबवा," बाळाराम म्हणाला.

तेराव्या दिवशी नळ पुन्हा फिरला.

सोळाव्यापासून मरतुक सुरू झाली. तीन दिवसांत नऊ गेली, पोटं फुगून, एका अंगावर कलंडून. निनादनं वहीत आकडा लिहिला आणि मामाच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "अंदाजापेक्षा कमी आहे." पोरगा वाईट नव्हता. त्याला बरण्या आवडायच्या, आणि आपलं काम आवडणाऱ्या माणसाला जगात दुःख कमी दिसतं.

समुद्राचं पाणी पिणारा मासा खडूच्या चुऱ्यासारखे पांढरे कण टाकतो. पोटात गेलेल्या पाण्यातला चुना असा बाहेर पडतो. बाळारामनं तीस वर्षं टाक्यांच्या तळातून ते कण झाडले होते. विसाव्या दिवशी सकाळी तो लांब दांड्याचा झाडू घेऊन टाकीत वाकला, गोल फिरत सगळा तळ झाडला, आणि झाडू वर उचलून पाहिला. भानू कठड्यापाशी उभी होती.

"नाय," तो म्हणाला. "पियाचं बंद झायलं."

सदतीस जगली. वर्तमानपत्रात फोटो आला. बाई, अध्यक्ष, आणि मधे भानू, 'जिभेचा कौल' या मथळ्याखाली. खारवलीच्या टाक्या भंगारात गेल्या.

बाळाराम भानूकडेच राहिला. जाणार कुठं? त्यानं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर भानूनं त्या मोजून घेतल्या असत्या आणि आपलं देणं फिटत आलं असं मानलं असतं. तो नुसता सकाळी तळ्यावर जायचा आणि दुपारी परत यायचा. पण तिच्या घरचं पापलेट त्यानं खाल्लं नाही. पहिल्या रविवारी ताट वाढलं तेव्हा एक घास घेतला, सरकवला आणि म्हणाला, "माती." आणि भात-आमटी जेवला.

भानूला बरं वाटलं. हे तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं, पण बरं वाटलं.

मग तिनं तो नेमच केला. दर रविवारी दोनशे सहा नंबरचं पापलेट आणायचं, जुन्या पद्धतीनं, कोकम आणि ओल्या मिरचीत करायचं, आणि दादूसच्या पुढं ठेवायचं. त्यानं घास घ्यायचा, सरकवायचं. "माती." कधी "कापूस." एकदा "पुठ्ठा." निनाद वैतागायचा. "कशाला दर वेळी वाढतेस? त्याला नाही आवडत."

"असू दे," भानू म्हणायची.

तिला मासा खाऊ घालायचा नव्हताच. तिची स्वतःची जीभ गेली होती. ती आता कशाची साक्ष देऊ शकत नव्हती. दर्यातलं पापलेट कसं लागायचं, हे जाणणारी एकच जीभ घरात होती, आणि ती दर रविवारी ताट सरकवून सांगायची, की ते हे नव्हे. जोवर कुणीतरी हे नव्हे असं म्हणतंय, तोवर ते कुठंतरी आहे. तिनं एकदा विचारलंही, "कसं लागायचं रे दादूस? सांग ना." बाळारामनं बराच वेळ विचार केला. "पापलेटासारखं," तो म्हणाला.

एक, दोन, पाच, नऊ. रविवार ती मोजत होती. अकराव्याला त्यानं दोन घास घेतले आणि मग सरकवलं. भानूनं मनाशी म्हटलं, भूक असेल. चौदाव्याला अर्धी तुकडी गेली, पण "माती" म्हणाला. जरा उशिरा म्हणाला इतकंच. पंधराव्याला ती आजारी होती. सोळाव्याला पाहुणे होते, तिचं लक्ष नव्हतं.

सतराव्या रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. बाहेर तळ्यांवरून गरम वारा येत होता. निनाद बरण्यांतल्या नव्या पिल्लांबद्दल सांगत होता. या खेपेची पिल्लं पालट न देताच गोड्या पाण्यात जगली होती, जन्मतःच. बाळाराम ऐकत होता की नाही कळत नव्हतं. तो खाली मान घालून काटा चोखत होता. भानूनं ते पाहिलं आणि तिचा हात भाकरीवरच थांबला.

काटा ताटाच्या कडेला ठेवून बाळारामनं ताट पुढं केलं.

"अजून येक तुकडी हाय काय गो?"

निनाद हसला. "मामा सुधारला."

दादूसच्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. एकतीस वर्षं तिनं तोंडं वाचली होती. तो तिची समजूत काढत नव्हता. त्याला भूक होती, आणि तुकडी आवडली होती. आपण काय मागितलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिनं पातेल्यातली मधली, जाड तुकडी काढून त्याला वाढली. वर रस्सा घातला. मग आपल्या ताटात उरलेली शेपटीकडची घेतली आणि खायला लागली. तिलाही ती चांगलीच लागली.